चालटीच्या जिभेवरचे दात

बरणीवरचं लेबल वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

‘विद्युत सुरी-मासा. गण: जिम्नोटिफॉर्मिस. आढळ: दक्षिण अमेरिका.’ खाली लाल शाईत, ‘सावधान, विजेचा धक्का देतो.’

फॉर्मालिनमध्ये उभा राहून राहून तो मासा पांढराफटक पडला होता, एक डोळा गळून गेला होता. तो कुणाला धक्का देणार होता? जिवंत होता तेव्हाही त्यानं कुणाला दिला नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरून त्याला त्या कॉलेजात मीच आणलं होतं. आणि लेबलावरचं अक्षरही माझंच होतं.

हे २०१३ सालचं. गोंदिया जिल्ह्यातल्या ज्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झाले, तिथेच प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल परीक्षक म्हणून गेले होते. माझ्यासमोर टेबलावर पोहे, चहा, बिस्किटं. मॅडम हे घ्या, मॅडम ते घ्या. बारा वर्षांपूर्वी याच खोलीत मी दाराशी उभी राहायची, आत या म्हणेपर्यंत.

आधी मासोळीबद्दल सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही.

आमच्या भागात तिला चालट म्हणतात. वीतभर लांब, चपटी, विळीच्या पात्यासारखी पातळ. पाठीवर मधोमध पिसासारखा एवढासा पर, आणि पोटाखालून पार शेपटापर्यंत एकच लांब झालर. ही झालर हलवत चालट पुढे जाते आणि अंग न वळवता तीच झालर उलटी हलवून तशीच मागे येते. दुसरी कुठली मासोळी असं करताना मी पाहिलेली नाही. मधूनमधून ती वर येऊन हवा गिळते, म्हणून ओल्या गवतात ठेवली तर टोपल्यात बराच वेळ जिवंत राहते. मागच्या अंगाला काटे फार. म्हणून पुष्कळ लोक ती घेत नाहीत, आणि ज्यांना ती करता येते ते दुसरं काही घेत नाहीत.

माझी माय केशोरीच्या बाजारात मासोळ्या विकायची. आम्ही ढिवर. बाबा तलावावर जाळं टाकायचे, पहाटे जाळं निघालं की माय टोपलं डोक्यावर घेऊन निघायची. रोहू, कतला सगळ्यांकडेच असायचे. चालट मात्र मायचीच. तिच्याकडे ती जिवंत मिळायची, आणि काटा कुठून कसा काढायचा हे ती गिऱ्हाइकाला बसल्या जागी करून दाखवायची. हापशीजवळ, चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून तिची जागा होती. लग्न होऊन आली त्या वर्षापासूनची.

लहानपणी मी टोपल्यात हात घालायची तेव्हा मायनं मला चालटीची एक गोष्ट शिकवली होती. तिचं तोंड उघडून माझं बोट आत घातलं आणि म्हणाली, “लाव जिभेले.” मी बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. खरखरीत. काट्यांसारखे दात, चक्क जिभेवर. माय हसून हसून लोटपोट. “बाकीच्या मासोऱ्या चावतेत. हे चाटते, अन रगत काढते.”

हे मी सात-आठ वर्षांची असताना शिकले. पुढे बी.एस्सी.ला तीच गोष्ट एका जुन्या पुस्तकात इंग्रजीत वाचली. जिभेवर हाडाचे दात असलेल्या मासोळ्यांचा एक जुनाट गण आहे, आणि चालट त्या गणातली. पण एकवीस वर्षांची असताना हे मी कॉलेजातल्या आमच्या सरांना सांगितलं, तर त्यांना पटलं नाही.

२००१ साली मी फायनलला होते. कॉलेजचं प्राणिशास्त्राचं म्युझियम म्हणजे दोन कपाटं, एक घुबड आणि कुणीतरी बुरशी लागू दिलेला तारामासा. सर तरुण होते, नवीन होते, हौशी होते, आणि पेपरात नाव यावं ही त्यांची फार मोठी इच्छा होती. त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं आपापल्या गावाहून एक नमुना आणायचा. पोरांनी विंचू आणले, सरडे आणले, एकानं घोणसाची कात आणली. मी चालट आणली. काळी-पिवळी जीपमध्ये मांडीवर कॅन धरून. शेजारची बाई विचारत होती, “दूध का?” मी हो म्हटलं.

हे ‘हो’ लक्षात ठेवा. कॉलेजात मी कुणाला सांगितलं नव्हतं की माझी माय मासोळ्या विकते. भाजीचा धंदा आहे, असं सांगायची. सकाळी कॉलेजला निघण्याआधी हात लिंबानं घासायची, मग साबणानं, मग पुन्हा लिंबानं.

सरांनी कॅनमध्ये डोकावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. टेबलावरच्या गाईडमध्ये एक चित्र होतं, पातळ अंग, पोटाखाली लांब झालर. खाली लिहिलेलं, ‘नाइफ फिश’. बास. चित्राशी मासा ताडून पाहिला, झालरीला झालर जुळली, निकाल लागला. “अरे, हा तर विद्युत मासा! फक्त दक्षिण अमेरिकेत सापडतो! आणि आपल्या जिल्ह्यात!”

साता समुद्रापलीकडचा मासा आमच्या तलावात पोहोचला कसा, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. चित्रातल्या माशाच्या पाठीवर पर नाही आणि या मासोळीच्या पाठीवर चांगला पिसासारखा उभा आहे, हे कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं. पण सरांनी सगळ्या वर्गासमोर “शाब्बास” म्हटलं होतं, आणि मला त्या कॉलेजात त्याआधी कुणी शाब्बास म्हटलेलं नव्हतं. मी मूग गिळून गप्प बसले. घरी हिला चालट म्हणतात, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

मग विज्ञान प्रदर्शन. सरांनी काचेची टाकी मागवली. फिजिक्सच्या लॅबमधून मीटर आणला, दोन वायरी पाण्यात सोडल्या. चालट घाबरून कोपऱ्यात गेली, पाणी हललं, वायरी हलल्या, आणि मीटरचा काटा थरथरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! वायर हलवली की असला मीटर थरथरतो, हे फिजिक्सवाल्यांना ठाऊक नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. पण आपल्या कॉलेजचं नाव होत होतं ना, मग काटा का थरथरला हे कोण विचारतो?

तक्ता लिहायला माझी निवड झाली, कारण माझं अक्षर चांगलं. आणि चित्रकलाही बरी. सर म्हणाले, “खेड्यातले लोक येतील, वाचता येणार नाही सगळ्यांना. काहीतरी असं काढ की बघताक्षणी कळलं पाहिजे.” मी विचार केला आणि टाकीवर लावायला एक पाटी रंगवली. लाल कवटी, खाली दोन आडवी हाडं. गावोगावच्या विजेच्या डीपीवर असते ना, तीच. आमच्या भागात ज्याला अंगठ्यापलीकडे काही येत नाही, त्यालाही ती कवटी कळते. तारांवर आकडे टाकून माणसं मेलेली सगळ्यांनी पाहिलेली असतात.

ती पाटी मी इतकी छान रंगवली होती की सरांनी माझी पाठ थोपटली.

तीन दिवस लोकांची रीघ. इटियाडोह धरणाच्या नहराकाठच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली. शाळांची पोरं, बायका, म्हातारे. मी पांढरा एप्रन घालून टाकीशी उभी. “हात लावू नका. हा विद्युत मासा आहे. धक्का बसतो.” दिवसभर हेच. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दीतून माय आली.

मला वाटलं नव्हतं ती येईल. नवीन लुगडं नेसली होती, केसांना तेल. लेकीचं प्रदर्शन बघायला आली होती. टाकीपाशी आली, वाकून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. तिनं हात पुढे केला, टाकीत घालायला.

आणि मी म्हणाले, “हात लावू नका, बाई.”

‘बाई’ म्हणाले. शुद्ध मराठीत. मागे माझ्या वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या म्हणून.

मायनं माझ्याकडे पाहिलं. मग त्या कवटीकडे. हात मागे घेतला आणि लुगड्याला पुसला, ओला नव्हता तरी. रांगेबरोबर पुढे सरकली, घुबडाकडे. संध्याकाळी घरी मीच तोंड लपवत होते. ती म्हणाली, “गर्दी लय होती, नाई?” आणि भाकरी थापू लागली.

त्यानंतरचा बाजार पहिल्यासारखा राहिला नाही.

एका लोकल पेपरात फोटो आला होता, पण त्याचं काही नाही, पेपर वाचतो कोण. कवटी मात्र हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. मायनं टोपलं उतरवलं, गवत बाजूला केलं आणि चालटी दिसताच समोरची बाई दोन पावलं मागे सरली. “हे तं ते करंटवाली हाये.” मायला आधी गंमत वाटली. तिनं एक चालट हातात धरून दाखवली. लोक म्हणाले, ढिवराची बाई आहे, हिच्या अंगात सवय झाली असेल. एकीनं हिय्या करून बोट लावलं आणि किंचाळली, “झटका देल्लन!” चालटीच्या पोटाची कडा करवतीसारखी असते, टोचते. ते टोचणं, त्याचा झटका झाला. मग काय, दर बाजारी कुणाला तरी झटका बसायला लागला. कुणाच्या हाताला झिणझिण्या आल्या, कुणाच्या गर्भार सुनेच्या पोटात कळ आली. एका घरात रेडिओ बिघडला, तोही चालटीनंच.

हसू येतं ना? मलाही येतं कधी कधी. मग मायचा तेव्हाचा चेहरा आठवतो आणि हसू जागच्या जागी मरतं.

एक बंगाली बाई तेवढी येत राहिली. आमच्याकडे वसवलेली बंगाल्यांची गावं आहेत, तिथली. तिनं बाजारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं, “पागल हो गये क्या सब? ये तो फोलुई है. हमारे यहाँ रोज खाते हैं.” आणि मुद्दाम दोन चालटी नागड्या हातानं उचलून नेल्या. पण एका बंगालीणबाईच्या जोरावर बाजार चालत नाही. बाजूच्या मासोळीवाल्या कुरकुरू लागल्या, तुझ्या टोपल्याच्या भीतीनं आमच्याकडेही कुणी फिरकत नाही. शेवटी आमच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षानं निरोप धाडला की काही दिवस बाई, लांब बस.

त्या दिवशी माय घरी येऊन मला म्हणाली, “तू येजो ना वं एक डाव बाजारात.”

“मी येऊन काय करू?”

“टोपल्यापासी उभी राय. हात घाल अन सांग लोकायले. तू कालेजात सिकून रायली, तुहं आयकतीन. त्याईनं तुलेच पायलं ना तठी, पांढरा झगा घालून. तूच म्हनलीस करंट हाये, तूच सांग का नाई म्हनून.”

सरळ होतं. एक सकाळ केशोरीच्या बाजारात उभं राहायचं आणि टोपल्यात हात घालायचा. बस.

पण केशोरीच्या बाजाराला माझ्या वर्गातली तीन पोरं-पोरी येत. मी मासोळीच्या टोपल्याशी उभी, हाताला खवले... “माझं कोण ऐकणार, माय,” मी म्हणाले. “मी सरांची चिठ्ठी आणते. कॉलेजच्या कागदावर, शिक्क्यासकट. सरांचं लोक ऐकतील.”

“चिठ्ठी?” माय म्हणाली. “बरं. आन मंग.”

मी सरांकडे गेले, अगदीच रिकाम्या हातानं नाही. लायब्ररीत माशांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, पानं चिकटलेली, माझ्याआधी कुणी उघडलेलं नसावं. त्यात चालट होती. चित्रासकट, पाठीवरच्या पिसासकट, जिभेवरच्या दातांसकट. गण पूर्ण वेगळा. दक्षिण अमेरिकेतले ते सुरी-मासे उलट आपल्या मांगुरांच्या जवळचे. चालटीशी त्यांचं साम्य इतकंच, की दोघंही गढूळ, झाडोऱ्याच्या पाण्यात राहतात आणि दोघांनाही अंग न वाकवता मागे-पुढे सरकावं लागतं. म्हणून दोघांना झालर फुटली, वेगवेगळ्या मुलखात, वेगवेगळ्या घराण्यांत. आणखी एक गोष्ट त्या पुस्तकात नव्हती, ती मला पुढे कळली. दक्षिण अमेरिकेतल्या त्या माशांची वीजसुद्धा बहुतेकांची इतकी मंद असते की माणसाला कळतही नाही. अंधाऱ्या पाण्यात चाचपडत वाट काढायला ते ती वापरतात. धक्का देणारे असतात ते त्यांच्यातले एखाद-दुसऱ्या जातीचे, मोठे, वाम माशासारखे लांब. म्हणजे सरांची चूक खरी असती, तरी कवटी खोटीच होती!

मी पुस्तक सरांपुढे उघडून ठेवलं. “सर, हिच्या जिभेला दात आहेत. बरणीतल्या नमुन्याला बोट लावून बघा.” तोवर ती टाकीतली चालट मेली होती आणि बरणीत गेली होती.

सरांनी पुस्तक मिटलं. “हे पुस्तक किती जुनं आहे माहीत आहे? सायन्स पुढे गेलंय आता.”

“सर, आमच्या घरी...”

“तुमच्या घरी काय?”

आमच्या घरी ही मासोळी पिढ्यान् पिढ्या धरतात, असं म्हणायचं होतं. तसं म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं, कॅन कुठून आला, माय काय करते. “काही नाही सर. फक्त एक चिठ्ठी हवी होती. आमच्या गावात लोक घाबरलेत.”

“परीक्षा होऊ दे,” सर म्हणाले. “मग बघू. आणि प्रॅक्टिकलला स्पॉटिंगमध्ये हाच मासा ठेवणार आहे मी. नीट लिही. तुझ्यावर आशा आहे माझी.”

धमकी होती की कौतुक, आजही सांगता येत नाही. मला वाटतं त्यांनाही माहीत नसावं. पण बरणीत बोट घालून बघायला एक मिनिट लागलं असतं. एक मिनिट. ते त्यांनी दिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना अजूनही माफ केलेलं नाही.

प्रॅक्टिकलला सातव्या नंबरवर बरणी होती. मी लिहिलं: विद्युत सुरी-मासा. जिम्नोटिफॉर्मिस. दक्षिण अमेरिका. खाली वैशिष्ट्यं, वीज निर्माण करणारे अवयव वगैरे, गाईडमधून पाठ केलेली. सुवाच्य अक्षरात. मला प्रॅक्टिकलला सगळ्यात जास्त मार्क मिळाले आणि मी कॉलेजात पहिली आले. निकालाच्या दिवशी मायनं चालटीचा रस्सा केला. न विकल्या गेलेल्या चालटी आता घरातच शिजायच्या. मी पहिला घास घेतला तशी ती गमतीनं म्हणाली, “लागला का करंट?” बाबा हसले. मी खाली मान घालून जेवले.

चिठ्ठी आली नाही. सरांनी मला पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र दिलं, कॉलेजच्या कागदावर, शिक्क्यासकट. ते मी घेतलं आणि नागपूरला निघून गेले. मायनं दिवाळीपर्यंत लांब बसून पाहिलं, मग बाजारच सोडला. चिंचेखालच्या जागेवर बांगड्यावाला बसू लागला. माय दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाऊ लागली, जी तिनं आयुष्यात केली नव्हती. पाण्यातच उभी राहायची, पण चिखलाच्या. जाळ्यात चालट आलीच तर बाबा ती परत तलावात सोडून देत. आणि मी? शिकले, नोकरीला लागले, वर्गात माशांचं वर्गीकरण शिकवू लागले. दर वर्षी जिभेवरच्या दातांवर आले की सरांच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडायची. बारा वर्षं त्या माणसावर राग धरून होते. त्या रागाच्या उबेला मला बरं वाटायचं.

आणि आता २०१३, आणि ती बरणी पुन्हा सातव्या नंबरवर.

एका मुलीचा पेपर माझ्या हातात होता. तेच उत्तर, गाईडमधलं, शब्द न् शब्द. मी तिला जवळ बोलावलं. सावळी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली.

“हा मासा तू जिवंत पाहिला आहेस का कधी?”

तिनं पलीकडे उभ्या असलेल्या सरांकडे, माझ्या त्याच सरांकडे, चोरून पाहिलं. “हो मॅडम. घरी खातो आम्ही. चालट आहे.”

“मग हे काय लिहिलंस?”

“लेबलवर हेच आहे ना मॅडम. दर वर्षी हेच लिहायचं असतं.”

मी तिला पूर्ण मार्क दिले. नाहीतर काय करणार होते? मग बरणीचं झाकण उघडलं, हातमोजा न घालता आत हात घातला, त्या मेलेल्या चालटीचा जबडा उघडला आणि सरांना म्हटलं, “सर, बोट लावा.”

फॉर्मालिननं माझे डोळे झोंबत होते. सर आता विभागप्रमुख होते, केस पिकले होते. त्यांनी बोट लावलं. मग खिशातून रुमाल काढून पुसलं आणि हसले. साधं, मोकळं हसू. “अरे हो की. तू तेव्हा म्हणाली होतीस, नाही का? मग काढून टाकू या लेबल. त्यात काय!”

त्यात काय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खोलीत आवाज चढवला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. काय काय बोलले सगळं आठवत नाही, पण “माझी आई मासोळ्या विकायची” हे वाक्य मी त्या कॉलेजात पहिल्यांदा उच्चारलं, आणि ओरडून उच्चारलं. सर पांढरे पडले. खरंच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं कॉलेजचा कागद काढला आणि मी सांगितलं ते लिहिलं: चालट ही आपल्या तलावांतली देशी मासोळी आहे, तिच्यात वीज नाही, ती धक्का देत नाही, ती खाण्यास योग्य आहे. सही. शिक्का. वर ते म्हणाले, “आईंना माझा नमस्कार सांग.” तेव्हा मला त्यांचा आणखीच राग आला, कारण ते चांगल्या मनानं म्हणाले होते.

तिथून सरळ गावी गेले. विजयी मुद्रेनं, याला दुसरा शब्द नाही. माय अंगणात बसून मोहरी पाखडत होती. केस सगळे पांढरे, गुडघे रोवणीनं गेलेले. मी तिच्यापुढे कागद धरला, वाचून दाखवला, शिक्का बोटानं दाखवला. सरांना कसं झापलं तेही सांगितलं, तिखटमीठ लावून.

मायनं सगळं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “पन चिठ्ठी म्या कदी मांगतली वं? चिठ्ठीचं तं तूच काढलंस. म्या तं तुले निस्तं ये म्हनलं होतं.”

मी कागदाची घडी घालू लागले. नीट, कडेला कड जुळवून.

“काऊन, आतानी येतेस का?” ती म्हणाली. रागानं नाही. तेव्हा जसं विचारलं होतं तसंच. “उंद्या बाजार हाये. तुह्या बाबाले सांगतो, दोन चालटा राखून ठेव म्हनून.”

मी म्हणाले, उद्या मला दुसऱ्या कॉलेजात प्रॅक्टिकलची ड्युटी आहे.

खरंच होती.